गॅरेजवरची टिनाची खोली उन्हाळ्यात राहण्याजोगी कशी करायची, तेही कमी पैशात

विदर्भात गल्लोगल्ली हे दिसतं. खाली गाडीसाठी गॅरेज, त्याच्यावर चार इंची भिंती उचलून वर टिन टाकलेली एक खोली. आधी अडगळीसाठी बांधलेली असते, मग पोरगं दहावीला गेलं की ती अभ्यासाची खोली होते, कोणाचं लग्न झालं की तिथेच नवीन जोडपं राहतं, नाहीतर मग भाडेकरू ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत सगळं ठीक चालतं आणि होळी गेली की दुपारी बारानंतर त्या खोलीत बसवत नाही, पंखा लावला तर तो वरची गरम हवाच अंगावर फेकतो, आणि मग घरातले म्हणतात की एसी लावून टाकू. एसी लावतात, तो दिवसभर थांबायचं नाव घेत नाही, बिल येतं आणि खोली तरी धड थंड होत नाही. तर एसीवर तीस-पस्तीस हजार घालायच्या आधी त्यातला निम्मा-पाऊण पैसा छतावर घाला, ही माझी कळकळीची विनंती आहे आणि ते कसं करायचं तेच खाली सविस्तर लिहितोय.

आधी उष्णता येते कुठून ते समजून घ्या, कारण ते समजलं की दुकानदार काहीही गळ्यात मारू शकत नाही. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपात (रोहिणीतले ते नऊ कडक तापाचे दिवस), दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे तेव्हाच येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळा मारा छतावर. बाहेर हवा ४४-४५ असते पण टिन स्वतः ६०-६५ च्या वर जातं, हात टेकवून ठेवता येत नाही. आणि हे तापलेलं टिन खोलीतली हवा तापवतं ते तर आहेच पण त्याहून जास्त ते सरळ खाली उष्णता फेकतं, शेगडीसमोर बसल्यावर चेहऱ्याला लागते तशी. म्हणून टिनाखाली उभं राहिलं की डोकं तापतं आणि पाय बरे असतात. ही फेकली जाणारी उष्णता अडवणं हे पहिलं काम, हवेतून झिरपणारी अडवणं हे दुसरं.

यावरून पैसे खर्च करायचा क्रमही ठरतो. ऊन टिनाच्या वरच अडवा, जे उरेल ते टिनाच्या लगेच खाली अडवा, त्यातूनही जे उरेल त्यासाठी सीलिंग आणि वूल, म्हणजे दगडाच्या धाग्यांचा जाड थर, रॉकवूल. लोक नेमकं उलटं करतात, आधी आतून छान दिसणारं सीलिंग करतात आणि वरचं टिन तसंच काळं, गंजकं ठेवतात.

यूट्यूबवर गॅरेजवरच्या खोलीचे इंग्लंड-अमेरिकेतले भरपूर व्हिडिओ आहेत, चांगले आहेत, पण ते थंडीसाठी आहेत हे लक्षात ठेवा. तिकडे गॅरेज थंडगार असतं म्हणून ते खोलीच्या फरशीखाली जाडजूड इन्सुलेशन भरतात आणि प्लास्टिकचा थर खोलीच्या बाजूने लावतात. आपल्याकडे खालचं गॅरेज सावलीत असतं, स्लॅब त्या मानाने गार असतो, उन्हाळ्यात तीच फरशी आपल्याला आधार देते, म्हणून फरशीवर एक रुपयाही घालू नका. तिकडे त्यांचा क्रम बरोबर, इकडे आपला.

आता काम. सगळ्यात आधी गळती. हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळे टाळतात, पण एकदा खालून सीलिंग बंद झालं की गळती दिसत नाही, वूल पाणी पीत राहतं, जड होतं, लोंबतं आणि दोन पावसाळ्यांत सगळं काढून फेकावं लागतं. सकाळी सातच्या आत वर चढा, टिन तापायच्या आधी. चढताना पाय नेहमी पर्लिनच्या (टिन ज्यावर टेकतं त्या आडव्या लोखंडी पाईप-अँगलच्या) ओळीवर, म्हणजे जिथे स्क्रूंची रांग दिसते तिथे, आणि दोन पर्लिनवर आडवी फळी टाकून त्यावर बसून काम करा, कमरेला दोरी बांधा, दोरीचं दुसरं टोक पक्क्या कॉलमला. एकट्याने चढू नका. आता प्रत्येक स्क्रू बघा. स्क्रूखाली काळं रबरी वॉशर असतं, पाच-सात उन्हाळ्यांत ते कडक होऊन तडकतं, नखाने दाबलं की चुरा होतो, आणि पाणी तिथूनच येतं. असा स्क्रू घट्ट आवळून काही उपयोग नाही, टिन दबतं आणि खड्डा होऊन पाणी तिथेच साचतं. तो काढा, त्याच भोकात एक नंबर जाड स्क्रू नवीन वॉशरसकट बसवा, वॉशर थोडंसं फुगेल इतकंच आवळा. जुन्या शेडला स्क्रूऐवजी जे-हूक (पर्लिनला अडकवलेले वाकडे बोल्ट) असतात, त्यांचंही वॉशर बदला आणि नट गंजला असेल तर तो हूकच बदलून टाका. मग टिनावर टिन चढलेलं असतं तो जोड, वरचा कोना आणि भिंतीला टिन टेकतं ती फट. जोडाला बुटाइल किंवा डांबरी टेप, भिंतीच्या फटीला आधी सिमेंटचा गोला आणि त्यावर वॉटरप्रूफिंग. एम-सील फक्त छोट्या भोकाला, लांब फटीला लावलं तर टिन तापून-गार होऊन हलतं आणि ते तडकतं.

इथे एक गोष्ट थांबून बघा. तुमचे पत्रे टिनाचे आहेत की सिमेंटचे? राखाडी सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट, कित्येक वर्षांनंतर रोग होतो. त्याला ड्रिल मारू नका, कापू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. त्याच्यावर पायही देऊ नका, ते अचानक फुटतात, माणसं त्यातून खाली पडून गेलेली आहेत. सिमेंटच्या पत्र्यावर लांब दांड्याच्या रोलरने रंग देणं आणि खालून स्वतंत्र फ्रेमवर सीलिंग करणं एवढंच करा, आणि बदलायचेच असतील तर अख्खे पत्रे, पाणी मारून, न फोडता उतरवणारा माणूस बघा.

गळती झाली की पांढरा रंग. सगळ्या कामात सर्वात कमी पैशात सर्वात जास्त फरक हाच पाडतो आणि तरी लोकांना हा फालतू वाटतो. नवीन चकचकीत टिन ऊन परावर्तित करतं हे खरं, पण ते जेवढी उष्णता घेतं ती बाहेर सोडत नाही, चकचकीत धातूचा तो स्वभावच आहे, म्हणून ते तापतंच. पांढरा कूल रूफ कोट दोन्ही कामं करतो, ऊन परतवतो आणि घेतलेली उष्णता आकाशाकडे सोडतो. अहमदाबादला महापालिकेने वस्त्यांमधल्या छतांना पांढरं करायचा कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू केला, तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं, त्यामागे हाच साधा हिशोब आहे.

चुना चालेल का असं बरेच जण विचारतात. स्लॅबवर चालतो, चुना भिजवून त्यात थोडा फेविकॉल टाकून दोन हात मारले की एक उन्हाळा निघतो. टिनावर नाही. टिनाला चुना धरत नाही, पहिल्याच सरीत पापुद्रे निघतात आणि वर जस्ताचं नुकसान. टिनाला अ‍ॅक्रिलिक कूल रूफ कोटिंगच घ्या, डब्यावर एसआरआय आकडा, म्हणजे उन्हात छत किती गार राहतं त्याचं माप, लिहिलेला असतो तो १०० च्या आसपास किंवा वर असेल असा बघा, नुसता पांढरा एक्स्टेरियर पेंट नको. रंगाआधी टिन धुवायचं, साबणाचं पाणी आणि नायलॉन ब्रश, मग गंज जिथे असेल तिथे तारेचा ब्रश आणि मेटल प्रायमर. टिन अगदी नवीन, गुळगुळीत असेल तर त्याला गॅल्व्हनाइज्डसाठीचाच प्रायमर लागतो, नाहीतर रंग सोलून येतो. पहिला हात उभा, दुसरा आडवा, मधे डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. आणि हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळीच उरका, मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टिनावर रोलर फिरवला तर रंग पसरायच्या आधीच वाळतो.

भाड्याचं घर आहे, रंगाची परवानगी नाही, किंवा हातात हजार-दोन हजारच आहेत? तर शेडनेट. शेतीच्या दुकानात मिळते ती हिरवी जाळी, ७५ टक्केवाली, टिनापासून निदान एक फूट वर तारा ताणून त्यावर बांधा. टिनावर नुसती अंथरू नका, मधली हवा खेळली पाहिजे, काम ती हवाच करते. आपल्याकडे अंगणात मांडव घालून वर जांभळाच्या फांद्या टाकतात तेच हे. एप्रिल-मे मधलं वादळ मात्र लक्षात ठेवा, जाळीला वारा धरतो, म्हणून सगळ्या कडांना दोरी ओवून चारही बाजूंना भिंतीतल्या हुकांना बांधा, पाईपला किंवा डिशच्या दांड्याला नको. खेड्यात टिनावर तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या (तुरीच्या-कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि तणस टाकतात, गारवा छान मिळतो पण उंदीर येतात आणि एक ठिणगी पुरते, वस्तीतल्या गॅरेजवर, खाली पेट्रोलची गाडी उभी असताना, ते करू नका.

आता टिनाच्या खालचं काम, फॉइल. बाजारात याला बबल शीट म्हणतात, मधे प्लास्टिकचे बुडबुडे आणि दोन्ही बाजूंना चांदीसारखा कागद, रोलमध्ये मिळतो. इथे लोक हमखास फसतात ते असं की हा कागद टिनाला खालून चिकटवतात. चिकटवलात की संपलं, चमक कामच करत नाही, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णता अडवतो तो त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. निदान एक इंच, दोन-तीन असेल तर उत्तम. आपल्या शेडमध्ये ही जागा फुकटात मिळते, कारण टिन पर्लिनवर टेकलेलं असतं आणि पर्लिन स्वतः दोन-तीन इंच उंच असते, तर फॉइल टिनाला न लावता पर्लिनच्या खालच्या बाजूने ताणायचं. मधे आपोआप दोन-तीन इंचांची पोकळी तयार.

बसवायची पद्धत सांगतो. दोन माणसं आणि एक घोडी लागते. रोल पर्लिनला आडवा, भिंतीपासून भिंतीपर्यंत सोडा, एक टोक पर्लिनला पट्टीने दाबून पक्कं करा, पट्टी म्हणजे एक इंचाची लाकडी किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची), तिच्यावरून सेल्फ ड्रिलिंग स्क्रू दीड-दीड फुटावर. नुसता स्क्रू फॉइलमधून मारला तर फॉइल फाटतं, म्हणून पट्टी. दुसऱ्या माणसाने ताणून धरायचं, झोळ थोडा आला तर चालतो पण टिनाला टेकता कामा नये. पुढचा पट्टा आधीच्यावर दोन इंच चढवून अ‍ॅल्युमिनियम टेप मारा, टेप मारताना फॉइल कोरड्या कपड्याने पुसा, आपल्याकडच्या धुळीत टेप तसाच मारला तर आठवड्यात सुटतो. दोन्ही बाजू चकचकीत असलेलाच माल घ्या. वरच्या बाजूवर वर्षानुवर्षं धूळ बसते आणि तिची चमक जाते, खालची बाजू स्वच्छ राहते आणि काम करत राहते. एकाच बाजूला चमक असलेला माल असेल तर चमक त्या बाजूला ठेवा जिकडे मोकळी हवा राहणार आहे.

टिन आणि फॉइलच्या मधली पोकळी खाली वळचणीला आणि वर कोन्याला उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल आणि खालून नवी येईल. पर्लिन आडव्या असतात आणि फॉइल त्यांच्याखालून जातं, त्यामुळे हवा अडते असं वाटेल, तिथे पन्हाळीच्या उंचवट्यातून ती सरकते, पण अजून चांगलं हवं असेल तर पर्लिनच्या खालच्या बाजूला आधी उभ्या एक इंची पट्ट्या मारून मग त्यांना फॉइल लावा. उघडं ठेवलं तिथे बारीक जाळी लावायलाच पाहिजे, नाहीतर चिमण्या, कबुतरं, खारी, आणि मधमाश्यासुद्धा येऊन बसतात. बजेट असेल तर कोन्याजवळ एक टर्बो व्हेंटिलेटर लावता येतो, वाऱ्यावर फिरतो, वीज लागत नाही. पण तो या पोकळीतली हवा ओढणारा हवा, खोलीतली नव्हे, एसी लावणार असाल तर हे फार महत्त्वाचं, नाहीतर एसीची गार हवा तो आभाळात सोडेल.

इथपर्यंत आलात म्हणजे रंग आणि फॉइल झालं. दहा बाय पंधराची खोली धरली तर उतारासकट छत पावणेदोनशे चौरस फुटांच्या आसपास जातं, रंगाचा माल साधारण तीन हजार, फॉइलचा तेवढाच किंवा थोडा कमी-जास्त, पट्ट्या, स्क्रू, टेप आणि एक-दोन दिवसांची मजुरी, असं सगळं मिळून आठ-दहा हजारांच्या आत बसायला हवं, भाव गावागणिक आणि मालागणिक बदलतात ते तुम्ही तुमच्याकडे विचारा. ज्यांचं बजेट इथेच संपतं त्यांनी इथेच थांबा आणि खाली कापडी छत किंवा बांबूचे तट्टे लावा. जुन्या घरांमध्ये टिनाखाली सुती कापडाचं छत ताणायचे ते शोभेसाठी नव्हतं. गडचिरोली-चंद्रपूरकडचे बुरडांनी विणलेले तट्टे मिळाले तर फारच सुंदर दिसतात, फक्त बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून वाळवून मग लावा म्हणजे भुंगा लागत नाही, आणि वरून जाणारी प्रत्येक वायर पाईपमध्ये असू द्या.

ज्यांना एसी लावायचा आहे त्यांनी मात्र पुढचं पाऊल टाका, वूल. कारण फॉइल फेकलेली उष्णता अडवतं पण हवेतून झिरपणारी फारशी नाही, आणि एसीवाल्या खोलीत आत २६ आणि पोकळीत ५० असा फरक असतो. इथे रॉकवूलची बाजू मी घेतो. थर्माकोल स्वस्त आहे, इन्सुलेशन म्हणून आकडाही जवळजवळ सारखाच आहे, पण साधं थर्माकोल ८० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, तापलेलं टिन त्याच्यापासून फार लांब नसतं, मुंग्या त्यात घरं करतात, आणि पेटलं की वितळून थेंब-थेंब खाली पडतं आणि काळा धूर. खाली गाडी, वर झोपलेलं पोर, मधे थर्माकोल, हे माझ्या मनाला पटत नाही. घ्यायचंच असेल तर एफआर ग्रेडचं, म्हणजे आग लवकर न धरणारं, घ्या, टिनाला अजिबात न चिकटवता आणि खालून जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाने पूर्ण झाकून. अंड्याचे ट्रे, पुठ्ठे, रिकाम्या बाटल्या असले व्हिडिओ बघून छताला लावू नका, आगीला आमंत्रण आणि झुरळांना घर. एक्सपीएस शीट (थर्माकोलचाच घट्ट, कडक प्रकार) चांगली असते, पाणी पीत नाही, पण महाग, ती स्लॅबवरच्या कामाला ठेवा.

रॉकवूल जळत नाही. ५० एमएम जाडीचा, ४८ डेन्सिटीचा (घनमीटरला ४८ किलो) स्लॅब मागा, वुलाच्या पाटीला दुकानात स्लॅबच म्हणतात. उष्णता किती आरपार जाते ते यू-व्हॅल्यूने मोजतात, आकडा जितका कमी तितकं चांगलं, नुसत्या टिनाची ती सहा-सातच्या घरात असते, आणि केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी जी इको-निवास संहिता काढली तिच्यात छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. ५० एमएम वूल नीट बसवलं तर तुम्ही ०.६-०.७ पर्यंत येता, म्हणजे मर्यादेच्या बरंच आत. १०० एमएम करायची आपल्या खोलीत गरज नाही, तो पैसा पश्चिमेच्या भिंतीवर घाला.

पण नीट बसवलं तर, हे महत्त्वाचं. वूल दाबून कोंबायचं नाही, त्यातली अडकलेली हवा हेच इन्सुलेशन आहे, ५० चं २५ केलं की निम्मं गेलं. स्लॅब कापताना जागेपेक्षा अर्धा इंच मोठा कापा, म्हणजे तो स्वतःच दोन्हीकडे दाटून बसतो आणि फट राहत नाही. ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने छान कापतो. कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, ग्लोव्ह्ज, गॉगल आणि एन-९५ मास्क, आणि ते कपडे वेगळे धुवा, दोन दिवस अंग खाजतं नाहीतर. पातळ पॉलिथीनमध्ये गुंडाळलेले स्लॅब मिळाले तर खोलीत धागे पडत नाहीत. वूल आणि वरच्या फॉइलमध्ये थोडी पोकळी राहू द्या.

सीलिंगची फ्रेम टिनाच्या स्क्रूंना लटकवू नका, पर्लिनला किंवा भिंतीला. वजनाचा अंदाज घ्या, साडेबारा एमएम जिप्सम चौरस मीटरला आठ-नऊ किलो, वूल अडीच किलो, फ्रेम वेगळी, म्हणजे आपल्या दहा बाय पंधराच्या खोलीत पावणेदोनशे किलोच्या आसपास नवं वजन पर्लिनवर येणार. पर्लिन जुन्या, पातळ, गंजक्या असतील तर आधी फॅब्रिकेटरला दाखवा, गरज पडली तर मधे एक पाईप आडवा वेल्ड करून घ्या. वेल्डिंग फॉइल आणि वूल लावायच्या आधी, नंतर नाही. गळतीची जरासुद्धा शंका असेल तिथे जिप्समऐवजी फायबर सिमेंट बोर्ड, जिप्सम भिजला की पोट काढतो. पीव्हीसी पॅनेल स्वस्त आणि झटपट आहे म्हणून सगळीकडे लावतात, पण टिनाखाली तापून ते वाकतं आणि आगीत धूर फार करतं, मी लावणार नाही. खोलीची एक बाजू सात फूटच उंच असेल तर सपाट सीलिंग करू नका, उताराबरोबर तिरपं न्या, डोकं लागणार नाही आणि माल थोडाच जास्त लागतो.

वायरिंग सीलिंग बंद व्हायच्या आधी. वूलमध्ये गाडलेली वायर स्वतःची उष्णता बाहेर टाकू शकत नाही, तीच वायर उघड्यावर जेवढा लोड घेते तेवढा इथे घेत नाही. म्हणून वायर पाईपमधून, शक्यतो वूलच्या खालून, एसीला स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची, जुनी जोडलेली-टेप मारलेली एकही वायर आत राहू देऊ नका. सीलिंगमध्ये खोल बसणारे लाइट असतील तर त्यांच्या ड्रायव्हरवर (लाइटला जोडलेल्या छोट्या डबीवर, ती तापते) वूल टाकू नका, किंवा सरळ पृष्ठभागावर बसणारे लाइट घ्या. टिनाचं छत आणि लोखंडी फ्रेम आहे, तेव्हा अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) या दोन गोष्टींत काटकसर नको.

आता भिंती. पूर्वेची आणि पश्चिमेची, त्यातही पश्चिमेची. दुपारी तीन ते सहा तिरपं ऊन चार इंची भिंतीवर पडतं आणि ती भिंत ते रात्री आठ-नऊपर्यंत आत सोडत बसते. आतून काही लावण्यापेक्षा बाहेरून सावली करा. भिंतीपासून फूटभर अंतरावर जाळी किंवा बांबूची चिक, किंवा खालून तारेवर चढवलेली मधुमालती, गुळवेल. वेल दोन वर्षं घेते पण नंतर फुकट. खिडकीलाही तेच, आतला पडदा लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं, बाहेरची चिक ते बाहेरच ठेवते. भिंतीला बाहेरून तोच पांढरा रंग उरला असेल तर मारून टाका.

फटींचं कसं करायचं ते कूलर की एसी यावर ठरतं आणि हे आधी ठरवा. कूलर असेल तर खोली बंद करायचीच नाही, कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमटपणा साचतो. आपल्या विदर्भाच्या कोरड्या हवेत चांगलं छत, वाळ्याचा कूलर आणि पश्चिमेला सावली, एवढ्यावर बऱ्याच खोल्यांचा एसी टळतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात कूलरचा उपयोग नाही, तिथे हवाच ओली, आणि खाऱ्या हवेत जीआय पट्टी-स्क्रू गंजतात म्हणून स्टेनलेसचे स्क्रू घ्या, बाकी छताचं सगळं तेच. एसी असेल तर मात्र दाराखाली, खिडकीभोवती, भिंत आणि सीलिंगच्या जोडाला, सगळीकडे फोम पट्टी किंवा सिलिकॉन.

इन्सुलेशन केल्यावर एक बदल जाणवेल. नुसतं टिन सूर्य मावळला की अर्ध्या-एक तासात गार होतं, आता खोली तशी पटकन गार होणार नाही, कारण जे उष्णता आत येऊ देत नाही ते बाहेरही जाऊ देत नाही. म्हणून रात्री दहानंतर, बाहेरची हवा खरोखर उतरली की, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एक एक्झॉस्ट फॅन असेल तर लावा, आणि सकाळी आठच्या आत खिडक्या-पडदे बंद. याच कारणाने डिसेंबरच्या थंडीत खोली उबदारही राहते, आणि पहाटे टिनाला घाम येऊन अंथरुणावर थेंब पडायचे तेही बंद होतं. पावसाचा आवाजही निम्म्याहून कमी होतो, अभ्यासाच्या खोलीला तर हे फार मोठं.

फरक किती पडला ते मोजा, नुसतं वाटण्यावर जाऊ नका. आधी आणि नंतर, दुपारी तीन वाजता, खाटेच्या उंचीवर साधं डिजिटल थर्मामीटर. इन्फ्रारेड बंदूक मिळाली तर सीलिंगचं तापमान घ्या, पण चकचकीत फॉइलवर किंवा कोऱ्या टिनावर ती बंदूक खोटा आकडा दाखवते, समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब मोजते, तर तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरून मोजा.

आणि खालच्या गॅरेजचं. उष्णतेसाठी फरशीला हात लावायचा नाही म्हटलं, पण धुरासाठी लावायचा. स्लॅबमधून वर येणारा प्रत्येक पाईप, वायरचं भोक, जिन्याच्या दाराची फट सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा, कारण गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आता तुम्ही वरची खोली घट्ट बंद केली आहे. शटर खाली असताना गाडी चालू करून ठेवू नका, जनरेटर तर गॅरेजमध्ये नकोच. राहण्याची खोली म्हणून वापर करताय तर नकाशात ती तशी मंजूर आहे का तेही महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या परवानाधारक इंजिनिअरला एकदा विचारून घ्या, भाडेकरू ठेवणार असाल तर नक्कीच.

दर वर्षी होळीच्या आसपास छत नुसत्या पाण्याने आणि ब्रशने धुवा, धुळीने पांढरा रंग मळतो आणि मळला की काम कमी करतो. रोहिणी लागायच्या आधी परत एकदा वर जाऊन पन्हाळीतला पाला काढा, स्क्रू बघा, वळचणीची जाळी फाटली असेल तर बदला. रंगाचा हात तीन ते पाच वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, फॉइल आणि वूलला कोरडं राहिलं तर हात लावावा लागत नाही.